विधवा राणीचे नाणे

युरोपातील जुनी चांदीची नाणी जमवणाऱ्यांकडे एक नाणे हमखास सापडते, मारिया तेरेसा थालर. वजन सुमारे २८ ग्रॅम, वर्ष १७८०. नाण्यावरील या राणीची आज आपण ओळख करून घेऊ.

तिचा जन्म १७१७ साली व्हिएन्ना येथे झाला. १७४० मध्ये वडील, सम्राट सहावे चार्ल्स, वारले आणि २३ वर्षांच्या मारिया तेरेसावर राज्याचा भार पडला. प्रशियाच्या फ्रेडरिकने त्याच वर्षी सायलेशिया प्रांतावर चढाई केली. तो प्रांत तिला पुन्हा मिळाला नाही. तिला १६ मुले झाली. १७७४ मध्ये तिने मुलामुलींसाठी शाळा सक्तीची केली. ती निष्ठावंत कॅथलिक होती. मात्र १७४४ च्या हिवाळ्यात प्राग शहरातील यहुद्यांना हाकलून देण्याचा हुकूमही तिचाच, हे आपण लपवू नये. १७४८ मध्ये त्यांना परतण्याची मुभा मिळाली.

१७६५ साली पती फ्रान्सिस वारले. त्यानंतर तिने शेवटपर्यंत काळी वस्त्रे वापरली. नाण्यावरही तिच्या डोक्यावर विधवेची ओढणी आली.

१७८० मध्ये राणी गेली, नाणे मात्र चालूच राहिले. तांबड्या समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांचा त्याच चेहऱ्यावर विश्वास! खांद्यावरच्या पिनेतील मोती मोजून ते नाणे पारखत. म्हणून तेच वर्ष घालून ते पुढेही पाडले गेले, १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. तेव्हा कोणी १७८० चा आकडा दाखवून जादा पैसे मागितले, तर जपून. बहुतेक थालर राणीच्या मृत्यूनंतरचेच असतात.