अर्पणपत्रिकेच्या पानावर

ग्रंथ हाती घेतला की अर्पणपत्रिकेचे पान आपण घाईने उलटतो. बाबासाहेबांच्या ग्रंथांपाशी मात्र आम्ही त्या पानावर थांबतो. हा लेखक कोणाच्या कष्टांतून घडला, हे तेथे कळते.

1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. माता भीमाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या होत्या. लष्करी शाळेत शिकवलेल्या सुभेदार रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतरमाला पाठ करून घेतली. परळच्या चाळीत एकच खोली होती. भीमरावांना लवकर झोपवून रामजी रात्री दोनपर्यंत जागत. मग त्यांना अभ्यासाला उठवून स्वतः त्यांच्या जागी आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की विवाहित मुलींकडून दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन येताच सोडवून परत करत. मंजुळा आणि तुळसा या बहिणींचे हे ऋण आपण क्वचितच आठवतो.

रामजी कबीरपंथी होते, तरी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे ग्रंथ आपण का वाचावेत, असे भीमरावांनी विचारले. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन वडिलांनी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही. पण त्या घरात प्रश्न विचारता येत होता.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरले. 1907 साली मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे रदबदली केली. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1925 सालचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ बाबासाहेबांनी महाराजांना अर्पण केला.

1913 च्या फेब्रुवारीत रामजी गेले. मुलाचे एकही पुस्तक त्यांना पाहता आले नाही.

गुरुजींच्या भेटीची परतफेड सर्वांत उशिरा झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांशी झालेला तो वाद आणि केळुसकरांचे ते पुस्तक, दोन्ही नोंदवले. महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, तो ग्रंथ प्रकाशित झाला. एका सभेत मिळालेले पुस्तक पन्नास वर्षांनी समाजाच्या हाती नवा ग्रंथ देऊन गेले.

वसतिगृहात लेकरू ठेवून परतणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो: सुट्टीत ते घरी आले की त्याला एखादे पुस्तक द्या, आणि त्याने अडचणीचा प्रश्न विचारला तर रागावू नका.