सर जेम्स मरे : शब्दांचा हिशेब ठेवणारा माणूस

शाळेत इंग्रजी शिकताना एक प्रश्न पडायचाच. नाइफ, नी, नॉट, नाइट या शब्दांच्या आरंभी ‘के’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. मग लिहायचा कशाला? याचे उत्तर ज्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात सापडते, त्याचे संपादक जेम्स मरे यांची ही थोडक्यात ओळख.

मरे यांचा जन्म १८३७ साली स्कॉटलंडमधील डेनहोम या खेड्यात झाला. वडील शिंपी होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण अभ्यास सुटला नाही. एकेक भाषा आपली आपण शिकत ते शिक्षक झाले. लग्नानंतर पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, पत्नीला क्षय झाला. तिच्या प्रकृतीसाठी त्यांनी गाव सोडले आणि लंडनला चार्टर्ड बँक ऑफ इंडियात नोकरी धरली. या बँकेच्या शाखा तेव्हा मुंबई-कलकत्त्यालाही होत्या. पत्नी मात्र वाचली नाही. पुढे १८६७ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. १८७० मध्ये बँक सोडून ते पुन्हा शिक्षक झाले.

१८७९ मध्ये कोशाचा करार झाला. काम दहा वर्षांत संपवायचे होते. प्रत्येक शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आधी द्यायचा आणि तो कधी, कोठे वापरला गेला याचा लेखी पुरावा जोडायचा, अशी पद्धत ठरली. शेकडो वाचक पुस्तके वाचून चिठ्ठ्या पाठवत. अंगणातील पत्र्याच्या खोलीत हजाराहून अधिक कप्पे केले होते. घरातील मुलेही चार पैशांच्या खाऊसाठी चिठ्ठ्या लावत. तरी पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो ‘ए’पासून ‘अँट’ या शब्दापर्यंतच!

‘के’ या अक्षराचे संपादन मरे यांनी स्वतः केले. या ‘के’चा पूर्वी स्पष्ट उच्चार होत असे. पुढे उच्चार गेला, स्पेलिंग राहिले. त्यातलेच दोन शब्द पाहा : नाइट आणि नेव्ह. दोघांचाही मूळ अर्थ मुलगा, पोऱ्या. पुढे दोघेही चाकर झाले. मग नाइट राजाच्या पदरी शूर सरदार झाला आणि नेव्ह लबाड ठरला. पत्त्यांतील आपल्या गुलामालाही इंग्रज पूर्वी नेव्हच म्हणत. सुरुवात एकच, पण नशीब वेगळे.

१९०८ मध्ये शिंप्याच्या या मुलाला सरकारने ‘सर’ केले, म्हणजे तोही नाइट झाला. त्या शब्दाचा मूळ अर्थ त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

आम्हा बँकवाल्यांना संध्याकाळी हिशेब जुळवूनच घरी जायची सवय. मरे यांचा हिशेब छत्तीस वर्षे उघडाच राहिला. २६ जुलै १९१५ रोजी ते वारले, तेव्हा ‘टी’ अक्षराचे काम चालू होते. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये, चार लाखांहून अधिक शब्दांचा. तो त्यांनी पाहिला नाही. पण त्यांनी नोंदी इतक्या चोख ठेवल्या होत्या की, मागून आलेल्यांना काम पुढे नेता आले. नातवंडांनी कधी त्या मुक्या ‘के’बद्दल विचारले, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.