ज्योत अडवणारी जाळी

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला पावसाळ्यात पेटता कंदील घेऊन बाहेर पडायचे, तर त्याची काच शाबूत हवी. जवळच्या नाणेघाटातून वर येणारा वारा असा जोरकस, की कड्यावरून पडणारे पाणीही तो उलटे उडवतो. कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते. हम्फ्री डेव्हीपुढे दोनशे वर्षांपूर्वी उलटा प्रश्न होता : ज्योतीपासून भोवतालच्या हवेला कसे वाचवायचे?

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेन्झान्स येथे झाला. लाकडावर नक्षीकाम करणारे वडील लवकर वारले आणि हा थोरला मुलगा एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारी करू लागला. १७९८ मध्ये तो ब्रिस्टलला वायूंनी रोग बरे करू पाहणाऱ्या संस्थेत गेला. तिथे नायट्रस ऑक्साईड त्याने स्वतःच हुंगून पाहिला. त्याने वेदना कमी होते, हे ध्यानात आल्यावर शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल, असे त्याने १८०० सालच्या पुस्तकात सुचवले. वैद्यकाने ती सूचना मनावर घ्यायला चार दशके लावली.

पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विजेच्या साहाय्याने त्याने १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. त्याची व्याख्याने ऐकायला गर्दी लोटे. १८१२ मध्ये प्रयोगातल्या स्फोटाने त्याच्या डोळ्याला इजा झाली. त्यानंतर मदतीला आलेला तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे.

त्याच वर्षी २५ मे रोजी उत्तर इंग्लंडच्या फेलिंग कोळसाखाणीत स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले दगावली. खाणीत साचलेला मिथेन दिव्याच्या उघड्या ज्योतीने पेट घेई. १८१५ मध्ये डेव्हीने हा प्रश्न हाती घेतला. खाणीतला वायू मागवून प्रयोग करताना त्याला दिसले, की अरुंद नळीतून ज्योत पार होत नाही. धातूची बारीक जाळी म्हणजे अशा असंख्य आखूड नळ्याच. जाळीतून हवा आत जाते, पण धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापत नाही. चौरस इंचाला ७८४ छिद्रे असलेल्या जाळीचा हा दिवा जानेवारी १८१६ मध्ये खाणीत उतरला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही.

मात्र स्फोट थांबले नाहीत. दिवा हाती आल्यावर पूर्वी धोक्याच्या म्हणून सोडलेल्या भागांतही मजूर पाठवले जाऊ लागले. जाळी गंजे, फाटे. शिवाय वायूमिश्रित हवेचा जोरदार झोत आला, की ज्योत जाळीवर रेटली जाई, तारा लाल होत आणि आग बाहेर पडे. म्हणून पुढच्या दिव्यांना काच आणि पत्र्याचे आवरण आले.

आज पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींत हेच तत्त्व वापरतात. इंजिन कधी उलटा भडका देते, म्हणजे आतली ज्योत हवा घेण्याच्या वाटेने मागे येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. तिला ती ज्योत भेटली, तर बोट पेटते. म्हणून त्या वाटेवर धातूची जाळी किंवा दुमडलेल्या पट्ट्यांची गुंडाळी बसवतात. अमेरिकेत बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना १९४० पासून हे साधन सक्तीचे आहे.

सुपरचार्जर लावला की इंजिन कितीतरी जास्त हवा ओढते. मग लहान किंवा तेलाने चिकटलेली जाळी श्वास कोंडते, ताकद घटते आणि ती काढूनच टाकावी, असा मोह होतो. योग्य उपाय म्हणजे इंजिनाच्या हवेला पुरेल अशी, जास्त क्षेत्रफळाची, प्रमाणित जाळी लावणे आणि ती स्वच्छ ठेवणे. फाटकी जाळी असून नसल्यासारखीच.

डेव्ही २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वारला, तेव्हा तो अवघा पन्नास वर्षांचा होता. त्याची जाळी ज्योत अडवते, पण किती हवेत आणि किती झोतात, हे पाहणे ती वापरणाऱ्याच्या हाती असते.