रशियन नटी वेरा कोमिसारझेव्स्काया

मागे आपल्या मंडळाच्या नाटकात काम करायला मी वयाची सबब सांगून नकार दिला होता. पुढे या नटीचे चरित्र वाचले आणि माझी मलाच लाज वाटली.

वेराबाई १८६४ साली पीटर्सबर्गला जन्मल्या. वडील ऑपेरातले नामांकित गायक. १८८३ साली लग्न झाले. पण नवऱ्याने त्यांच्या सख्ख्या बहिणीशीच संबंध जोडला. संसार मोडला, बाई खचून आजारी पडल्या. त्यातून उठून १८९३ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या नाटकधंद्यात आल्या. १८९६ साली चेखॉव्हच्या 'सीगल' नाटकात त्या प्रथम नीना झाल्या. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी हुर्यो केली. बाईंनी मात्र हिंमत सोडली नाही.

१९०२ साली त्यांनी सरकारी नाटकगृहाची मानाची नोकरी सोडली आणि १९०४ साली स्वतःचे थिएटर काढले. तिथे इब्सेनची नोरा त्यांनी गाजवली. पुढे थिएटर तोट्यात गेले, म्हणून गावोगाव दौरे केले. अशाच एका दौऱ्यात ताश्कंदला देवी येऊन १९१० साली त्या वारल्या. वय अवघे पंचेचाळीस!

भगिनींनो, यंदा चिटणीसबाईंना मी होकार कळवला आहे.