डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगास

गोमंतकांतील बार्देस तालुक्यांत हडफडें गांवीं १८५६ सालीं डॉ. व्हिएगास ह्यांचा जन्म झाला. मुंबईस सेंट झेवियर शाळेंत व पुढें ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते डॉक्टर झाले, आणि १८८८ सालीं म्युनिसिपालिटीचे सभासद निवडले गेले. रोग्यांची सेवा त्यांनीं सोडली नाहीं. पण आयुष्याची खरी कसोटी दवाखान्यापेक्षां सभागृहांतच लागली.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींतील रोग्यांचा ताप व गांठ पाहून हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, असें त्यांनीं ओळखलें. गोदी व गुदामांवर जगणाऱ्या शहरास ही वार्ता कोण ऐकवणार? रोगाचें नांव घरांत कुजबुजणें सोपें होतें. डॉक्टरांनीं तें स्टँडिंग कमिटीपुढें उघड घेतलें. पुष्कळांनीं शंका काढली. ऑक्टोबरांत हाफकीनसाहेबांच्या तपासणीनें निदान खरें ठरलें. परकीय बंदरांनीं मुंबईच्या जहाजांस अटकाव केलाच! लस निघाल्यावर हजारों लोकांस त्यांनीं ती स्वहस्तें टोंचली.

१९०६ सालीं ते कॉर्पोरेशनचे पहिले एतद्देशीय ख्रिस्ती अध्यक्ष झाले. १९३३ सालीं ते निवर्तले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि कावेलास आरोग्यमातेचें देऊळ ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यास त्यांचेंच नांव आहे.