सातवी शिकलेल्या शंकररावांची ‘मीरा’

इचलकरंजीची ओळख कापडाची. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पंचगंगेच्या काठचे हे जहागिरीचे गाव हळूहळू मागांच्या खडखडाटाने भरून गेले. त्याच गावात शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. त्यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. होती ती यंत्राची उपजत जाण. १९४५ साली त्यांनी कामाला हात घातला आणि १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनांची मोटार तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’.

मोटार घडविणे म्हणजे इंजिन जमविणे, असा सर्वसाधारण समज असतो. घरच्या कारखान्यात मोटार उभी करणाऱ्याची खरी परीक्षा मात्र सांगाड्यापाशी होते. सांगाड्याचे दोन्ही कर्ण समान भरले नाहीत, वा जोडकामाच्या उष्णतेने एखादी पट्टी किंचित जरी वळली, तरी पुढचे सारे मोजमाप बिघडते आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढू लागते.

पुढच्या चाकांचे गणित त्याहून नाजूक. बोथच्या परिसरात कापूस वाहणारी बैलगाडी डोळ्यांपुढे आणावी. तिची दोन चाके एकाच आसावर फिरतात. वळण बैल घेतात, गाडी त्यांच्या मागून जाते. मोटारीत वळणही पुढच्या चाकांनी घ्यायचे आणि खड्ड्याचा पहिला धक्काही त्यांनीच सोसायचा. चाक खालीवर होत असताना त्याची दिशा ढळता कामा नये. चाक उभे की कलते, ज्या अक्षाभोवती ते वळते तो किती मागे झुकलेला, दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे किती वळलेल्या, या तिन्ही गोष्टी अंशांत आणि मिलिमीटरांत साधाव्या लागतात. अक्षाला योग्य झुकाव असेल, तर वळणानंतर चाके आपसूक सरळ होतात. कडांचे अंतर चुकले, तर टायर एका बाजूने झिजून जातात. ताणलेले सूत, ओळंबा आणि गुण्या यांच्या साहाय्याने हे काम होऊ शकते. त्यासाठी हात मात्र स्थिर आणि मन चिकाटीचे हवे.

शंकररावांचे वेगळेपण याच ठिकाणी दिसते. धक्के शोषण्यासाठी त्या काळी सर्रास पोलादी पाटे वापरीत. पाटे जड, त्यांची पाने एकमेकांवर घासतात आणि त्यांच्यासोबत कड्या, पिना, बुश असा पुष्कळ पसारा येतो. शंकररावांनी त्याऐवजी रबराचा आधार घेतला. रबर स्वतःच दबते आणि पूर्ववत होते. त्यामुळे घर्षण घटले, सुट्या भागांची संख्या कमी झाली आणि वजनही आटोक्यात राहिले. स्वस्त मोटारीचे सारे गणित वजनावर आणि भागांच्या संख्येवर उभे असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पहिल्या मोटारीवर ते थांबले नाहीत. पुढील दोन दशकांत त्यांनी ‘मीरा’ पुनःपुन्हा नव्याने घडविली. १९७० च्या सुमाराचे रूप दोन सिलिंडरच्या इंजिनाचे होते. एका लिटर पेट्रोलवर ती सुमारे २० किलोमीटर धावे आणि तिची अपेक्षित किंमत होती अवघी १२ हजार रुपये.

तो काळ परवान्यांचा होता. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार मोटारींचे उत्पादन सरकारच्या अनुमतीवाचून करता येत नव्हते. अँबेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड या मोजक्या गाड्यांसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत थांबत. लहान मोटारीची गरज सरकारलाही पटली होती. १९६० च्या आगेमागे त्यासाठी समित्याही बसल्या. मात्र इचलकरंजीत जी मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर धावत होती, तिला कारखान्याचे दार उघडले नाही. १९७० मध्ये छोट्या मोटारीचे इरादापत्र संजय गांधी यांना मिळाले. शंकररावांच्या मोटारीचे व्यापारी उत्पादन कधीच झाले नाही.

पुढे सुझुकीच्या तंत्रज्ञानावर बेतलेली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली. २००८ साली टाटांची नॅनो जगापुढे आली, तेव्हा तिच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाकडे आणि सामान्यांसाठी ठेवलेल्या किमतीकडे पाहून अनेकांना ‘मीरा’ची आठवण झाली. शंकररावांची गणना अपयशी उद्योजकांत करणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल. मोटार घडविणाऱ्याने जे प्रश्न सोडवावयाचे असतात, ते त्यांनी आपल्या कारखान्यात सोडविले होते. जो प्रश्न सुटला नाही, त्याचे उत्तर त्यांच्या हातात नव्हते.