डेव्हिड डग्लस

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया व ऑरेगॉन या संस्थानांत, समुद्राकांठच्या झुडपी रानांत आणि पाइन वृक्षांच्या वनांत गॅरिया नांवाचें एक सदाहरित झुडूप वाढतें. त्याचीं पानें जाड, कांठाशीं नागमोडी व खालून लवदार असतात. ऐन हिंवाळ्यांत, इतर झाडें फुलांवांचून उभीं असतां, याच्या नर झुडपांवर रुपेरी करडे तुरे झालरीसारखे लोंबूं लागतात. हें झुडूप इंग्लंडांतील बागांत ज्यानें पोहोंचविलें, त्या डेव्हिड डग्लसचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

डग्लसचा जन्म १७९९ सालीं स्कॉटलंडांतील स्कोन गांवीं एका पाथरवटाच्या घरीं झाला. शाळेपेक्षां रानावनांतच त्याचें मन अधिक रमे. अकराव्या वर्षाच्या सुमारास तो तेथील राजवाड्याच्या बागेंत उमेदवार म्हणून राहिला, आणि हातांनीं माती उकरतां उकरतां वनस्पतिशास्त्र शिकला. पुढें ग्लासगो येथील बागेंत प्रोफेसर हूकर यांनीं त्याचे गुण ओळखले. त्यांच्या शिफारशीनें लंडनच्या उद्यान-मंडळानें त्यास नवीं झाडें शोधण्याच्या कामावर नेमलें.

१८२४ सालीं तो जहाजानें निघाला व दक्षिण अमेरिकेस वळसा घालून आठ महिन्यांनीं कोलंबिया नदीच्या मुखाशीं पोहोंचला. तेथें हडसन्स बे कंपनीचीं व्यापारी ठाणीं होतीं. त्यांच्या आश्रयानें तो दोन वर्षें पायीं, घोड्यावर व होडींतून हिंडला. पाऊस, भूक, आजार, सर्व त्यानें सोसलें. दुसऱ्या सफरींत, १८३० सालीं, तो कॅलिफोर्नियास गेला. तेथील मिशनांतील पाद्र्यांनीं त्याचें प्रेमानें आदरातिथ्य केलें.

१८३३ सालीं फ्रेझर नदींत त्याची होडी फुटली. सुमारें ४०० जातींच्या वाळविलेल्या वनस्पती आणि रोजनिशी क्षणांत वाहून गेली. दृष्टीही अधू होत चालली होती. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. १२ जुलै १८३४ रोजीं हवाई बेटांत, रानगुरें धरण्यासाठीं खणलेल्या एका खड्ड्यांत त्याचा मृतदेह आढळला. त्यांत एक रानबैलही सांपडलेला होता. त्याचें वय अवघें ३५ वर्षांचें होतें.

त्याच सालीं लिंडली या पंडितानें गॅरियाचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांव मात्र डग्लसनेंच ठरविलेलें होतें. कंपनीचे उपाध्यक्ष निकोलस गॅरी यांनीं त्यास प्रवासांत साह्य केलें होतें. ते उपकार स्मरून त्यानें झुडपास त्यांचें नांव दिलें.

विद्यार्थिमित्रहो, पाथरवटाच्या या मुलानें परदेशच्या बागांस दोनशेंहून अधिक झाडें दिलीं. तितकें यश सर्वांच्या वांट्यास येईलच असें नाहीं. परंतु आपणांस ज्यांनीं हात दिला, त्यांचें नांव राखणें हें प्रत्येकाच्या हातीं आहे.